विद्यापीठाच्या दारातली मोटार

विद्यापीठाच्या आवारातील वाहतूक आणि वाहने ठेवण्याची सोय हा काय व्याख्यानमालेचा विषय झाला, असे कार्यक्रमपत्रिका पाहून आपल्यापैकी कित्येकांना वाटले असेल. त्यातून तो सांगणार कामगार संघटनेचा माणूस! परंतु मी या विषयाकडे पुस्तकातून आलो नाही. मला त्याच्या दाराशी नेऊन उभे केले ते एका मागणीपत्रकाने.

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठातील चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांचे मागणीपत्रक आम्ही तयार केले. विद्यापीठाचे नाव घेत नाही. घेण्याचे कारणही नाही, कारण ही कथा कुठेही घडण्यासारखी आहे. पत्रकात नेहमीच्या मागण्या होत्या : थकबाकी, गणवेश, रजा, बदली कामगारांना कायम करणे. शेवटची मागणी होती सायकल स्टँडला छप्पर घालून देण्याची. पावसाळ्यात सीट भिजते, साखळी गंजते, आणि रात्रपाळी करून निघालेल्या माणसाला ओल्या सीटवर बसून सात-आठ मैल जावे लागते, एवढेच त्याचे कारण. वाटाघाटीच्या टेबलावर ती मागणी वाचली गेली तेव्हा समोरची मंडळी हसली. ‘निधी नाही’ असे उत्तर मिळाले. त्याच वर्षी कचेरीच्या इमारतीमागे अधिकाऱ्यांच्या मोटारींसाठी पत्र्याची शेड उभी राहिली.

मी रागावलो, हे खरे. पण रागावून परत येताना डोक्यात एक साधा हिशेब शिरला. एका मोटारीला उभे राहायला जागा तरी किती लागते? नगररचनेच्या पुस्तकात शोधले. उघड्या मैदानात एका मोटारीमागे २३ चौरस मीटर धरतात. तळमजल्यावर छताखाली २८, आणि तळघरात ३२. मोटारीचे अंग एवढे मोठे नसते, पण ती आत येण्याला, वळण्याला व बाहेर पडण्याला वाट लागते, ती यात धरलेली असते. २३ चौरस मीटर म्हणजे जवळजवळ २५० चौरस फूट. मुंबईच्या बी. डी. डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीत गिरणी कामगारांच्या दोन-दोन पिढ्या जन्मल्या आणि वाढल्या. सकाळी दहाला येऊन संध्याकाळी सहाला जाणाऱ्या, मधले आठ तास नुसत्या उभ्या राहणाऱ्या मोटारीला आपण त्याहून दीडपट जागा देतो, आणि तिच्याकडून भाडे मात्र मागत नाही. तेवढ्याच जागेत आठ-दहा सायकली सुखाने मावतात.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतच. इंग्रजी मी शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. तरीही ज्या विद्यापीठाचा कारभार मला सर्वांत बारकाईने वाचता आला ते अमेरिकेतले निघाले, त्याला कारण आहे. तिथे हा हिशेब कायद्याने करायला लावला गेला, आणि केलेला हिशेब लोकांपुढे ठेवला गेला. आपल्याकडे निम्मी भांडणे आकडे कुलपात असल्यामुळे होतात.

ते विद्यापीठ म्हणजे कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड. त्याची जन्मकथाच मोठी चमत्कारिक आहे. लेलंड स्टॅनफर्ड हा रेल्वेचा धनी. अमेरिकेचा पूर्व आणि पश्चिम भाग जोडणारी जी लोहमार्गाची वाट १८६९ च्या मे महिन्यात पुरी झाली, तिचा पश्चिमेकडील भाग त्याच्या कंपनीने घातला. घातला म्हणजे पैसा कंपनीचा. डोंगर फोडले ते हजारो चिनी मजुरांनी. असो. त्याचा एकुलता एक मुलगा पंधराव्या वर्षी विषमज्वराने वारला, आणि त्याच्या स्मरणार्थ आईबापांनी १८८५ साली आपल्या घोड्यांच्या पैदाशीच्या मळ्यावर विद्यापीठ स्थापन केले. १८९१ मध्ये वर्ग सुरू झाले. जमीन आठ हजार एकरांहून अधिक, आणि ती कधीही विकायची नाही अशी अट देणगीतच घातलेली. आजही तिथली मंडळी विद्यापीठाला लाडाने ‘मळा’ म्हणतात. जवळच्या पालो आल्टो गावाच्या स्टेशनवरून माणसे घोडागाडीने विद्यापीठात येत. त्या गाडीच्या एका घोडीचे नाव मार्गरीट होते. हे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

रेल्वेच्या पैशावर उभे राहिलेले हे विद्यापीठ पुढे मोटारींत बुडाले. यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. सारी अमेरिकाच मोटारीत बसली होती. त्याच राज्यातील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर यांनी १९६३ साली विनोदाने असे सुचवले होते की, विद्यापीठातील प्राध्यापकांना एकत्र बांधून ठेवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे पार्किंगबद्दलची तक्रार. विनोद खरा, पण अर्धा. त्यात प्राध्यापक आहेत. झाडूवाला, स्वयंपाकी, प्रयोगशाळेतला हमाल नाहीत. त्यांचीही तक्रार असते, फक्त ती विनोदात यायला वेळ लागतो.

२००० साली स्टॅनफर्डला नव्या इमारती हव्या होत्या : अध्यापनाच्या आणि संशोधनाच्या मिळून सुमारे वीस लाख चौरस फूट, शिवाय तीन हजारांच्या घरात निवासाची घरे व खोल्या. परवानगी द्यायची ती सँटा क्लारा काउंटीने. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. आजूबाजूच्या गावांतले लोक म्हणाले, तुम्ही मोठे व्हाल, पण तुमच्या मोटारी आमच्या चौकांत तुंबतील. काउंटीने परवानगी दिली आणि तिला एक अट जोडली. अट थोडक्यात अशी की, विद्यापीठाने हवे तेवढे वाढावे, परंतु सकाळी सर्वांत गर्दीच्या तासात आत येणाऱ्या आणि संध्याकाळी सर्वांत गर्दीच्या तासात बाहेर पडणाऱ्या मोटारींची संख्या आजच्यापेक्षा वाढता कामा नये.

या अटीतली खुबी समजून घेण्याजोगी आहे. सामान्यतः नगरपालिका विचारते, इमारतीला पार्किंग किती दिले? जितके जास्त, तितकी इमारत शहाणी. इथे प्रश्नच उलटा केला. मोटारी कुठे ठेवाल ते राहू द्या, किती आणाल ते सांगा! मोजण्याची पद्धतही चोख होती. विद्यापीठाभोवती एक काल्पनिक कुंपण आखले, त्या कुंपणाला छेदणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर मोजणी ठेवली. २००१ साली पहिली मोजणी झाली, तो पाया. त्यानंतर दरवर्षी वसंतात आणि शरदात मोजणी. एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून जाणाऱ्या मोटारींचा भार विद्यापीठावर पडू नये म्हणून नंबर जुळवून त्या वजा करायच्या. आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, तर आजूबाजूचे चौक सुधारण्याच्या खर्चाचा वाटा विद्यापीठाने उचलायचा. आमच्या भाषेत सांगायचे तर करार झाला, करार मोडल्याचा दंड ठरला, आणि करार पाळला की नाही हे पाहणारा तिसरा माणूस नेमला. या तिन्हींपैकी एक नसेल तर करार म्हणजे कागद, हे मला तीस वर्षांच्या धंद्याने शिकवले आहे.

आता विद्यापीठापुढे दोन वाटा होत्या. मजल्यावर मजले चढवून मोटारींच्या इमारती बांधायच्या, आणि वर चौकांचा दंडही भरायचा. किंवा माणसांनी मोटार घरी ठेवावी यासाठी खर्च करायचा. त्यांनी हिशेब केला आणि दुसरी वाट धरली. जो कर्मचारी वर्षाचे पार्किंगचे पत्र घेणार नाही त्याला ते वर्षाकाठी ३०० डॉलरपर्यंत रोख देत. पात्र कर्मचाऱ्यांना रेल्वेचा व बसचा पास फुकट. स्टेशनपासून विद्यापीठात फिरत राहणारी बस सर्वांना फुकट, विद्यापीठाशी संबंध नसलेल्या गावकऱ्यालासुद्धा. या बसचे नाव मार्गरीट! घोडी गेली, नाव उरले.

पण मला यातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटली ती निराळीच. माणूस मोटार का आणतो, याचा त्यांनी विचार केला. दररोज त्याला ती लागते म्हणून नव्हे. एखाद्या दिवशी शाळेतून निरोप येईल की मुलाला ताप भरला आहे, किंवा साहेब संध्याकाळी थांबवून घेतील आणि शेवटची गाडी चुकेल, या एका दिवसाच्या धास्तीने तो उरलेले सारे दिवस मोटार घेऊन येतो. तेव्हा विद्यापीठाने सांगितले की, असा प्रसंग आला तर तुम्हाला घरी पोचवण्याची जबाबदारी आमची. असे प्रसंग वर्षातून कितीसे येणार? खर्च थोडा, पण धास्ती गेली. दिवसा मध्येच कुठे जायचे असेल तर तासाच्या भाड्याने मोटार मिळण्याची सोयही आवारातच केली.

परिणाम काय झाला? २००२ साली स्टॅनफर्डच्या कर्मचाऱ्यांपैकी ७२ टक्के लोक मोटारीत एकटे बसून येत. पुढच्या दहा-बारा वर्षांत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आले. कोणावर लाठी चालवली नाही, कोणाची मोटार अडवली नाही.

इथे शास्त्राची थोडी ओळख करून दिली पाहिजे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते. २०२५ च्या फेब्रुवारीत ते वारले. या गृहस्थांनी आयुष्य पार्किंगच्या अभ्यासात घालवले आणि २००५ साली फुकट पार्किंगच्या महागाईवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, फुकट पार्किंग फुकट नसतेच. त्याची जमीन, फरशी, दिवे, पहारेकरी यांचा खर्च कोणीतरी भरतोच. फरक एवढाच की मोटारवाला तो मोटारवाला म्हणून भरत नाही. कारखान्यात तो पगारातून कापला जातो, दुकानात मालाच्या किमतीत मिसळतो, विद्यापीठात शुल्कात आणि अनुदानात दडतो. म्हणजे सायकलवर येणारा मोटारवाल्याचे भाडे भरतो. हे वाचले तेव्हा मला आमच्या सायकल स्टँडची आठवण होऊन हसू आले, आणि ते हसू काही चांगले नव्हते.

शूप यांच्या विचारावरून कॅलिफोर्नियाने १९९२ साली एक कायदा केला. पन्नास किंवा अधिक कामगार असलेला जो मालक भाड्याने जागा घेऊन कामगारांना फुकट पार्किंग देतो, त्याने जो कामगार ते घेणार नाही त्याला तेवढी रक्कम रोख द्यावी, असा त्याचा आशय. शूप यांनी आठ कंपन्यांत त्याचा परिणाम तपासला. एकटे मोटारीने येणारे १७ टक्क्यांनी घटले. मोटार वाटून घेऊन येणारे ६४ टक्क्यांनी, बस-रेल्वेने येणारे ५० टक्क्यांनी आणि पायी किंवा सायकलने येणारे ३९ टक्क्यांनी वाढले. पार्किंग कोणाचेही काढून घेतले नाही. फक्त त्याच्या शेजारी पैसे ठेवून ‘यातले काय हवे?’ असे विचारले. शूप यांच्याच विद्यापीठात २००० साली ओळखपत्र दाखवून गावच्या बसमध्ये फुकट बसण्याची सोय झाली, तेव्हा पहिल्याच वर्षी विद्यापीठात बसने येण्याचे प्रमाण ५६ टक्क्यांनी वाढले आणि एकट्याने मोटार आणणे २० टक्क्यांनी कमी झाले.

पार्किंगचे पैसे वर्षाचे घ्यावेत की रोजचे, हाही एक मुद्दा आहे. त्याला खानावळीचा दृष्टांत पुरेल. खानावळीत महिन्याचे पैसे भरले की भाजी आवडो न आवडो, आपण तिथेच जेवतो; कारण पैसे गेलेलेच असतात. तेच ताटामागे पैसे द्यायचे असतील तर रोज दारात पाऊल टाकताना माणूस क्षणभर थांबतो. वर्षाचे पार्किंगपत्र खिशात असले की मोटार न आणणे म्हणजे नुकसान वाटते. रोजचे पैसे रोज घेतले तर रोज सकाळी एक विचार होतो. आणि आठवड्यातून दोन दिवस जरी मोटार घरी राहिली तरी पाच मोटारींच्या जागेत तीन पुरतात. अर्थात पाचही जणांनी निराळे निराळे दिवस निवडले तर!

डेव्हिस या गावचे उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. तेही कॅलिफोर्नियातच. १९६७ साली त्या गावाने रस्त्यावर सायकलींसाठी वेगळे पट्टे आखले. अमेरिकेत असे करणारे ते पहिले गाव. विद्यापीठाने आवाराचा मध्यभाग मोटारींना बंद ठेवला आणि सायकलींना मोकळा केला. १९६८ साली विद्यार्थ्यांनी लंडनहून दोन जुन्या दुमजली बसगाड्या आणून बससेवा सुरू केली, ती पुढे सगळ्या गावाची बससेवा झाली. गाड्या चालवणारेही विद्यार्थीच. आपले पुणे तेव्हा सायकलींचे शहर म्हणून गाजत होते. आपल्याजवळ होते ते आपण टाकले, आणि त्यांच्याजवळ नव्हते ते त्यांनी आखून घेतले.

आता मी माझ्या बाजूला येतो, कारण आतापर्यंतचे ऐकून एखादा म्हणेल की मालकाला पार्किंगचे पैसे लावायला हा कामगार पुढारी कधीपासून मदत करू लागला? प्रश्न योग्य आहे. पार्किंगवर आकार बसवायचा म्हटले की पहिला विरोध संघटनेचाच होतो, आणि तो नेहमी चुकीचा नसतो. आवाराजवळच्या घरात राहणे ज्याला परवडते तो प्राध्यापक. पंधरा-वीस मैलांवरून येतो तो शिपाई. जवळच्याला बस आहे, लांबच्याला नाही. मग त्याने कर्ज काढून घेतलेल्या दुचाकीवर दिवसाचे दहा रुपये बसवले तर ती पगारकपातच झाली. म्हणून आमचा आग्रह क्रमाबद्दल आहे. आधी बस, मग आकार. आधी आकार आणि ‘बसचे पाहू’ असे जिथे म्हणतात तिथे बस येत नाही. आणि आकार बसवायचाच तर तो पगाराच्या पायरीप्रमाणे असावा, म्हणजे ज्याची मोटार मोठी आणि जागा सावलीतली, त्याने अधिक द्यावे.

दुसरी गोष्ट मस्टरची. फुकट पास ‘कर्मचाऱ्यांना’ मिळणार असे वाचले की मी विचारतो, कुठल्या मस्टरवरचे कर्मचारी? आज सफाई, पहारा, उपाहारगृह, बागकाम ही सारी कामे कंत्राटाने दिली जातात. ही माणसे त्याच आवारात आठ तास घालवतात, पण त्यांचे नाव ठेकेदाराच्या वहीत असते. योजना आखणाऱ्याच्या मनात वाईट नसते. त्याने कागदावर जे नाव पाहिले त्याला पास दिला, एवढेच. परंतु ज्याला पासाची गरज सर्वांत जास्त तोच यादीबाहेर राहतो. अमेरिकेच्या सिअ‍ॅटल शहरातील वॉशिंग्टन विद्यापीठात १९९१ पासून बसच्या पासाची नावाजलेली योजना आहे. तिथेसुद्धा कर्मचाऱ्यांना पासाचे पैसे पडत, आणि ते विद्यापीठाने सोसावेत यासाठी तिथल्या कामगार संघटनांना वर्षानुवर्षे झगडून ते करारात आणावे लागले. योजना चांगली असली तरी ती तळापर्यंत आपोआप झिरपत नाही.

आणि तिसरी वेळेची. स्टॅनफर्डची अट कितीही चोख असली तरी ती गर्दीचा एक तास मोजत होती. पहाटे पाचला येणारा सफाईवाला त्या तासात येत नाही. चौक त्याच्यामुळे तुंबत नाही, म्हणून अटीला त्याच्याशी कर्तव्य नाही. आणि त्या वेळी गाड्या विरळ, म्हणून फुकट पासाचा त्याला उपयोग कमी. जे मोजले जाते त्याची सोय होते. म्हणून काय मोजायचे हे ठरवताना टेबलावर कोण बसले आहे, याकडे मी आधी पाहतो.

प्रवासाचा प्रश्न शेवटी घराचा प्रश्न होतो, हेही स्टॅनफर्डने दाखवले. विद्यापीठाने आणखी मोठ्या वाढीची परवानगी मागितली तेव्हा काउंटी म्हणाली, आता कर्मचाऱ्यांसाठी दोन हजारांवर घरे बांधा, आणि आवारातून सकाळी उलट दिशेने बाहेर जाणाऱ्या मोटारींचाही हिशेब द्या. विद्यार्थी आणि तिथली कामगार संघटना दोघांनीही घरांची बाजू लावून धरली होती. घरभाडी इतकी चढली होती की काम करणारे लोक तासन् तास प्रवास करून येत. वाटाघाटी फिसकटल्या. १ नोव्हेंबर २०१९ रोजी विद्यापीठाने आपला अर्जच मागे घेतला. मोटारीचा पैसा देऊन मोटार कमी करता येते, पण वीस कोसांवर राहणारा माणूस पैशाने जवळ येत नाही. त्याला घरच लागते.

आमच्या विद्यापीठाचे काय झाले, असे आपण विचाराल. मी हे सारे वाचून आमच्या मंडळींना म्हटले, आपण मागणी करण्याआधी मोजू. प्रशासनाने वाहनांची एक मोजणी पूर्वी केलेली होती. ती पाहिली तर सकाळी नऊला सुरू झालेली. आम्ही चार जण वही-पेन्सिल घेऊन पहाटे साडेपाचला फाटकाशी बसलो. सायकली येऊ लागल्या. साडेसहापर्यंत त्यांची रांग लागली. त्यात बायका बऱ्याच, काही जणी एकमेकींना कॅरियरवर बसवून आलेल्या. नऊच्या आत स्टँड भरला, मग झाडांखाली सायकली लागल्या, आणि मग मोटारी आल्या. प्रशासनाच्या कागदावर सायकली फारशा नव्हत्याच; कारण मोजणारा येण्याआधीच त्या येऊन उभ्या राहिलेल्या असत. आम्ही तीन दिवस मोजले आणि वहीची नक्कल कुलसचिवांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती शेवटच्या पानापर्यंत वाचली, हे मी त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पुढच्या बैठकीत कोणी हसले नाही. स्टँडच्या अर्ध्या भागावर पत्रे चढले आहेत. उरलेल्या अर्ध्यासाठीचा प्रस्ताव आता वित्त समितीपुढे आहे, आणि पहाटेच्या पाळीला गावातून एक बस मिळावी म्हणून परिवहन खात्याकडे आमचा अर्ज गेला आहे. वही मी जपून ठेवली आहे. पावसाळा सुरू झाला की पुन्हा तीन दिवस फाटकाशी बसायचे ठरले आहे.